जिनावाले डॉक्टर

जळगावात जुन्या माणसांच्या बैठकीत दातांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास ‘जिनावाले डॉक्टर’ म्हणतं आणि बाकीचे हसतात. ज्यांनी त्यांना कधी पाहिलं नाही असे लोकही हसतात. कुठला जिना, कुणाचा जिना, हे आता फारसं कुणाला माहीत नाही. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली, दवाखान्याच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, पण ते नाव काही पुसलं गेलं नाही.

त्या नावामागची खरी गोष्ट तिघांना माहीत होती. त्यातले डॉक्टर गेले. माझी बायको कधी बोलली नाही. उरलो मी. कामं पुढे ढकलायचं माझं वय आता राहिलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. उत्साह असा काही नाही. जुनं कपाट आवरायला घ्यावं आणि पहिल्याच खणाशी दम लागावा, तसं होतंय.

डॉक्टर मूळचे धुळ्याचे. दवाखाना जळगावात, एका कापडाच्या दुकानाच्या मागच्या बाजूला. दर गुरुवारी मात्र एसटीने धुळ्याला जायचे. तिथे थोरल्या भावाच्या घरी पुढच्या खोलीत त्यांची दुसरी खुर्ची टाकलेली होती. लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणत. माणूस उंच, पण वाकलेला. जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून पाठीला तोच आकार आला होता. मे महिन्यात जळगावचं डांबर चपलेला चिकटायचं, तेव्हाही अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि गळ्यापर्यंत बटणं. दवाखान्यात कूलर होता, पण त्याचं तोंड पेशंटच्या खुर्चीकडे. “मला त्याचा नुसता आवाज पुरतो,” म्हणायचे.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. बाजारात कुणी नमस्कार केला तर नुसते बघत राहायचे. समोरचा हसला की ओळख पटायची. “हां हां, उजवीकडची खालची अक्कलदाढ. आता बरी आहे ना?” एक वकील होते, कधी न हसणारे. त्यांना नानांनी भर भाजीबाजारात सांगितलं, “ओळख लागत नाही, जरा तोंड उघडा बरं.” वकिलांनी मेथीची जुडी काखेत धरून आ केला. नाना वाकून बघत म्हणाले, “अरे, तुम्ही होय. तुमच्या आईची तब्येत कशी आहे?”

पेशंटच्या तोंडात कापूस भरला की नानांना बोलायची हुक्की यायची. नगरपालिका, कापसाचा भाव, मुलींची लग्नं, कुठलाही विषय. समोरचा हुं हुं करायचा. “बघा, तुम्हालाही पटलं,” असं म्हणून नाना पुढचा मुद्दा घ्यायचे. त्या खुर्चीत बसून त्यांच्याशी वाद जिंकलेला माणूस मला भेटला नाही.

एसटीत त्यांची ठरलेली जागा कंडक्टरच्या शेजारी. जांभई देणाऱ्या माणसाकडे ते इतकं निरखून बघायचे की तो ओशाळून तोंड मिटायचा. एकदा कंडक्टरचा गाल सुजलेला दिसला. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली, तशी नानांनी कापडी पिशवीतून चिमटा आणि औषधाची बाटली काढली आणि त्याला खिडकीकडे तोंड करून बसवलं. गाडी तेवढी उशिरा सुटली. कुणी कुरकुर केली नाही, उलट उतारू जागा सोडून बघायला आले. धुळ्याला उतरताना कंडक्टर तिकिटाचे पैसे परत द्यायला लागला, तर नाना म्हणाले, “ते एसटीचे आहेत. माझे तू दे.” आणि घेतले.

पण दात काढायचं त्यांच्या जिवावर यायचं. सावद्याचे केळीचे एक व्यापारी होते, ट्रक भरून माल दिल्लीकडे पाठवणारे. तंबाखूने दात पार गेलेले. ते एकदा आले तेव्हा मी तिथेच होतो.

“नाना, काढून टाका सगळे. एकदाची कटकट जाऊ द्या. विमा काढेल आहे मी.”

“विमा काढला म्हणून दात काढायचे?”

“मंग विमा कशाला काढला?”

“आबा, भाडं थकलं म्हणून जुन्या भाडेकरूला कुणी बाहेर काढतं का? दोन आहेत जाण्यासारखे. बाकीचे राहू द्या. तुमच्या वडिलांपासूनचे आहेत.”

“आन् विमा?”

“ते ह्यांना विचारा,” म्हणून नानांनी माझ्याकडे बोट केलं. “हे विमेवाले.”

मी विमेवाला होतो. एका विमा कंपनीच्या जळगाव शाखेत दाव्यांच्या टेबलावर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी आजारपणाचा विमा आमच्याकडे नवीन आलेला होता. व्यापारी, डॉक्टर, प्राध्यापक अशी माणसं तो काढत. लोकांना वाटायचं, हप्ता भरला म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत सगळं आलं. पण दातांचं काही मिळत नसे. अपघातात दात तुटले आणि त्यासाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तरच. किडलेला, हललेला, दुखणारा दात कंपनीच्या लेखी शरीरात नव्हता.

नाना ह्यावरून माझ्याशी भांडायला येत. नामंजूर झालेलं पेशंटचं बिल घेऊन टेबलासमोर बसायचे. “कपाळाचा विमा आहे?”

“आहे.”

“हनुवटीचा?”

“आहे, नाना.”

“मग मधलं तोंड कुणाच्या मालकीचं?”

“नियम आहे, मी काय करू?”

“तू काही करू नकोस. मी विचारायला आलो, चहा सांग.”

मी चहा सांगायचो. नियमावर माझाही विश्वास नव्हता, पण पगार नियमाचा होता. त्या दोहोंच्या मधली एक वाट मी काढली होती. खिडकीशी माणूस दातांचं बिल घेऊन आला की मी बिल बघायचो, त्याच्या तोंडाकडे बघायचो आणि हलकेच विचारायचो, “पडला होतात का कुठे?” शहाणा माणूस तेवढ्यावर समजायचा. नाही समजला तर मी पुढचं सांगायचो, “महामार्गावर तो नवा गतिरोधक झालाय, तिथे बरेच जण पडतात.” दुसऱ्या दिवशी तो गतिरोधकावर स्कूटरवरून पडल्याचा दाखला आणि एक रात्र भरती असल्याचा कागद घेऊन हजर. नानांच्या समोरच्या गल्लीत एक नवे दंतवैद्य आले होते, ते असे दाखले देत. काही दिवसांनी असं झालं की, आमच्या दप्तरावरून पाहिलं तर निम्म्या जळगावाचे दात त्या एकाच गतिरोधकावर पडले होते. मला ह्यात पाप वाटत नव्हतं. लोकांचं काम होत होतं. पेढेही येत.

नाना असा दाखला देत नसत. दाखल्यात ते मराठीत लिहायचे आणि तोंडात दिसेल तेवढंच लिहायचे. आमचे साहेब म्हणत, इंग्रजीत द्या. नाना म्हणत, “तोंड मराठी आहे.” दाखल्यात कारणाचा रकाना असे. एकदा त्यांनी त्यात लिहिलं होतं, ‘तंबाखू, आळस आणि घरच्यांचं न ऐकणं.’ तो कागद शाखेत सगळ्यांनी हसून वाचला आणि मी त्यावर नामंजूरचा शिक्का मारला. पेशंट चिडले. समोरच्या गल्लीत गर्दी वाढली आणि नानांच्या बाकावर दुपारचं ऊन टाळायला माणसं बसू लागली. त्यांना ते दिसत होतं.

फक्त एकदा त्यांनी त्या गतिरोधकाची खातरजमा केली. सकाळी जाऊन तिथल्या पानाच्या टपरीवर बसले, दुपारी घामाघूम होऊन माझ्या टेबलाशी आले.

“विमेवाले, तुमच्या गतिरोधकावर जाऊन आलो.”

“मग?”

“एकही माणूस पडला नाही. एक म्हैस बसली होती. तिचे दात चांगले आहेत.”

मी हसलो. तेही हसले. मग उठताना म्हणाले, “लोकांना पडायला शिकवू नकोस रे. पडायला शिकवावं लागत नाही.”

आमच्याकडे ते एकदाच जेवायला आले, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माझी बायको धुळ्याकडची, शिरपूरच्या बाजूच्या खेड्यातली, घरात अहिराणीच बोलणारी. तिची खापरावरची पुरणपोळी नानांनी कुणाकडून तरी ऐकली होती. आम्ही तेव्हा भाड्याने राहत होतो. ओळीतल्या बैठ्या खोल्या, पुढे ओटा, वर पत्रे. नाना ओट्यावर बसून जेवले, जेवण झाल्यावर सगळ्यांना चुळा भरायला लावल्या. गोड खाल्लं की त्यांना दुसऱ्यांच्या दातांची काळजी वाटायची. निघताना घराकडे एकवार बघून म्हणाले, “घर चांगलं आहे तुझं. चढ-उतार नाही. म्हातारपणी गुडघ्यांना बरं.”

हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, एका रविवारी दुपारी, माझे थोरले भाऊ आणि वहिनी आले होते. जेवायला बसलो होतो. भाऊंनी विचारलं, ऑफिसात कसं चाललंय. मी काही बोलायच्या आत बायको वाढता वाढता म्हणाली, “ह्यास्नं काय, लोकस्ले पडाले शिकाडतस.” ती सहज म्हणाली. लोकांना पडायला शिकवतात, हे तिने बहुधा शेजारणीकडून ऐकलं होतं. वहिनी हसली. भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या हातात लोणच्याचा स्टीलचा डबा होता. तो हातातून सुटला आणि तिच्या तोंडावर लागला.

ओठ फाटला. वरचे पुढचे दोन दात गेले, एक तुटून आणि एक मुळापासून हलून. भाऊ आणि वहिनी जेवण टाकून उठले, पण एक शब्द बोलले नाहीत. आमच्या घरात अशा वेळी बोलायची पद्धत नव्हती. मी रिक्षा आणली. रविवार असल्यामुळे नानांचा दवाखाना बंद होता, पण ते वरच्या मजल्यावरच राहत. खाली आले, दार उघडलं, तिला खुर्चीत बसवलं आणि दिवा तोंडावर ओढला.

“कशाने झालं?” त्यांनी तिला विचारलं.

ती बोलायच्या आधी मीच म्हणालो, “पडली.”

“मी तुला नाही विचारलं. जा, बर्फ घेऊन ये. स्टेशनाकडे मिळेल.”

मी बर्फ घेऊन आलो तेव्हा टाके घालून झाले होते. नानांनी शेजारच्या नर्सिंग होममध्ये फोन करून तिला एक दिवस ठेवून घ्यायला सांगितलं. ते खोटं नव्हतं, तिचा जबडा सुजून डोळ्यापर्यंत आला होता. पुढे नवे दात बसवायचे तर खर्च मोठा होता. आणि आम्हा कर्मचाऱ्यांनाही तोच विमा होता. अपघात असेल तर मिळत होतं.

हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती नर्सिंग होममध्ये होती आणि मी नानांकडे दाखला मागायला गेलो.

त्यांनी मला बस म्हटलं नाही. टेबलाशी उभ्यानेच दाखला लिहिला. इतरांच्या कारणांच्या रकान्यात पाल्हाळ लावणाऱ्या माणसाने तीनच शब्द लिहिले. ‘जिन्यावरून पडल्याने इजा.’ शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून ठेवला, मग माझ्यासमोर ठेवला आणि आत निघून गेले. मी तो वाचला. आमच्या घराला जिना नाही हे मला आठवलं. नानांनाही ते माहीत आहे, हेही आठवलं. तरी मी घडी करून खिशात घातला. गतिरोधक लिहिला नाही, हे बरंच झालं असं मला वाटलं. गतिरोधक आता फार झाले होते.

पैसे मिळाले, दात बसले.

दीडेक वर्षाने कुणीतरी वरच्या कार्यालयात निनावी अर्ज केला की, जळगाव शाखेत दातांचे खोटे दावे पास होतात. एक चौकशी अधिकारी आले. मवाळ बोलणारे, सतत रुमालाने मान पुसणारे. त्यांनी सगळ्या दाव्यांची चळत पुढ्यात घेतली. समोरच्या गल्लीतल्या दंतवैद्यांच्या कागदांमध्ये सगळं होतं. गतिरोधक रस्त्यावर होता, स्कूटरी लोकांच्या दारात होत्या, पडलो नाही असं कोण सांगणार? काही सिद्ध होईना. मग त्यांच्या हाती नानांचा मंजूर झालेला एकमेव दाखला लागला. घराचा जिना. घर जाऊन बघता येतं.

ते माझ्या घरी आले. मी बरोबर होतो. ते अंगणात उभे राहिले, पत्र्यांकडे बघितलं, ओळीतल्या दुसऱ्या टोकाच्या खोलीपर्यंत चालत जाऊन आले.

“जिना कुठे आहे?”

बायकोने चहा आणला होता. ती कप ठेवून दारात थांबली. मला आजही तो क्षण नीट दिसतो. म्हणजे माझ्याजवळ विचार करायला वेळ होता. घाईत बोललो असं मला म्हणता येत नाही.

“मी त्या वेळी घरात नव्हतो,” मी म्हणालो. “बाहेर कुठे पडली असेल. डॉक्टरांनी काय लिहिलं ते मी वाचलं नव्हतं.”

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “चहा गार होतोय.”

तिथून ते नानांकडे गेले. मी गेलो नाही. तिथे काय झालं ते अधिकाऱ्यांनीच संध्याकाळी शाखेत येऊन सांगितलं. म्हणाले, “गमतीचा माणूस आहे. मी म्हटलं, डॉक्टर, त्या घराला जिना नाही. तर म्हणतो, नाही? मग तो मीच बांधला असेल.” शाखेतले सगळे हसले. ‘पेशंटने काय सांगितलं होतं’ असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, तरी नाना एवढंच म्हणाले की, लिहिणारा मी आहे, चूक माझी आहे.

अहवालात नानांचं नाव आलं. जळगावातून एकाच डॉक्टरचं आलं. त्यांचे दाखले ह्यापुढे ग्राह्य धरू नयेत असं पत्र निघालं. मी ‘दिशाभूल झालेला कर्मचारी’ ठरलो. माझ्या पगारातून रक्कम कापून घेतली आणि प्रकरण मिटलं. जिन्याची गोष्ट तोवर चहाच्या टपरीवर पोचली होती. ज्यांना नानांनी कधी खोटा दाखला दिला नव्हता, त्यांना तर ती फारच आवडली. “आम्हाला नियम शिकवायचे. आणि स्वतः? जिना बांधला.” सावद्याचे ते व्यापारीही माझ्या खिडकीशी येऊन म्हणाले, “काय साहेब, मले तर म्हाताऱ्याने भाडेकरूची गोष्ट सांगितली. पैसे मोजणाऱ्याला जिना बांधून देतो वाटतं.” नानांजवळ दुसरं काही नव्हतंच. आपण लिहू ते खरं असतं, एवढीच त्यांची मिळकत होती. ती माझ्या एका वाक्याने गेली.

बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्याकडे गेलो. खुर्चीत एक म्हातारी होती, तिच्या तोंडात कापूस.

“नाना,” मी म्हणालो, “मी वर लिहून कळवतो. खरं काय ते.”

“काय कळवशील?” म्हातारीच्या तोंडातून नजर न काढता ते म्हणाले. “मग ते पुन्हा तुझ्या घरी येतील. तिला समोर बसवतील. कुणी मारलं, कशाने मारलं, आधी कितीदा मारलं. गल्ली दारात उभी राहील. चालेल तिला? विचारलंस?”

मी विचारलं नव्हतं.

“मग राहू दे. तू एक कर. दर सहा महिन्यांनी तिला दात दाखवायला आणायचं. तू स्वतः आणायचं. काय हो अक्का, बरोबर आहे ना?”

म्हातारी हुं म्हणाली.

“बघ, ह्यांनाही पटलं.”

मी दर सहा महिन्यांनी तिला नेत राहिलो. पुढे माझी बदली धुळ्याला झाली, तर गुरुवारी त्यांच्या भावाच्या घरी. नाना पैसे घेत नसत. तिला खुर्चीत बसवायचे, दिवा ओढायचे, सगळे दात एकेक करून बघायचे. ओठ उलटून बघायचे, हनुवटी बोटांनी चाचपायचे. मग छोटा आरसा तिच्या तोंडात धरून मला बोलवायचे. “ये, बघ. सगळं जागेवर आहे ना?” मी वाकून बघायचो. “आहे,” म्हणायचो. “बरं. आता दिवाळीनंतर,” ते म्हणायचे.

सुरुवातीची काही वर्षं मला वाटायचं, नव्या दातांची निगा असते. इतका मी मठ्ठ होतो, किंवा मठ्ठ राहणं मला सोयीचं होतं. ते दात बघत नव्हते. मला बघत होते. त्या रविवारनंतर मी तिच्यावर हात उगारला नाही. हे मी शहाणा झालो म्हणून, की दिवाळीनंतर आरशात बघावं लागणार म्हणून, ह्याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

नाना गेले तेव्हा जळगावात शोकसभा झाली. माणसं फार नव्हती. समोरच्या गल्लीतले दंतवैद्यही बोलले, चांगलं बोलले. मग मागच्या रांगेत कुणीतरी हळूच म्हणालं, “वर जायची नानांना काय अडचण? जिना त्यांच्या घरचाच.” आजूबाजूचे हसले. मीही हसलो. हसू फुटलं असं नाही. सगळे हसताना गप्प बसलो तर कुणी बघेल, म्हणून हसलो. बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. तिचे दात नानांनीच बसवलेले होते.

आता आम्ही धुळ्यात, देवपुरात, मुलाच्या घरी असतो. ह्या घराला जिना आहे. गुडघ्यांचं नाना म्हणाले होते ते खरं ठरलं. मी एकेक पायरी थांबत चढतो. ती कठडा धरून उतरते. मी हात पुढे केला तर म्हणते, “ऱ्हाऊ द्या, कठडा शे.”

हे सगळं लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवलं. चष्मा बाजूला ठेवून ती ऐकत होती. नानांच्या म्हशीच्या गोष्टीला हसली. जेवणाच्या ठिकाणी आलो आणि ‘डबा हातातून सुटला’ असं वाचलं, तेव्हा तिने मला थांबवलं.

“लिखनं शे ना? मंग बठ्ठं लिखा.”

“काय राहिलं?”

“डबा सुटना नव्हता.”

खाली नातवाची शाळेची रिक्षा आली होती, कुणीतरी हाक मारत होतं. मी तिला विचारलं, त्या दिवशी मी बर्फ आणायला गेलो तेव्हा नानांना तू काय सांगितलंस? इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं.

ती म्हणाली, नानांना तिने खरं सांगितलं होतं. टाके घालायच्या आधीच. नाना म्हणाले, मग मी दाखल्यात खरंच लिहीन, मला दुसरं येत नाही. त्यावर ती म्हणाली होती, “नाना, माले घर परत जानं शे.” नानांनी हातातली सुई परत ट्रेमध्ये ठेवली. मग त्यांनी तिलाच विचारलं, काय लिहू? तिला पहिलं सुचलं ते जिना. माहेरी जिना होता.

तर दाखला पुन्हा लिहितो. नानांच्या पद्धतीने, मराठीत, तोंडात दिसेल तेवढाच. वरचे पुढचे दोन दात. कारण, नवऱ्याने लोणच्याचा डबा फेकून मारला. भाऊ हसले म्हणून मारला. त्या घराला जिना नव्हता. नानांनी आयुष्यात एकच खोटं लिहिलं, कारण हिला त्याच घरात परत यायचं होतं.